विकिपीडियावरचे नकाशे कोण काढतं?

मा. संपादक,

विकिपीडियावरच्या लेखांबद्दल बरंच छापून येतं पण त्यातले नकाशे कोण काढतं हे कुणीच विचारत नाही, म्हणून हे पत्र. तेही स्वयंसेवकच काढतात, एक पैसा न घेता. २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा देश झाला तेव्हा आफ्रिकेचा नकाशा असलेल्या कितीतरी फाइल्समध्ये नवी सीमा टाकावी लागली, आणि ती सगळीकडे टाकूनही चालत नाही कारण १९९० ची परिस्थिती दाखवणाऱ्या नकाशात ती आली तर तो नकाशाच चुकीचा होतो! हे भान ठेवून काम करणारे लोक मला फार मोठे वाटतात.

नकाशाची फाइल विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे सगळ्या भाषांच्या विकिपीडियांसाठी असलेल्या चित्रांच्या सामायिक साठ्यात असते, त्यामुळे तिथे एक चूक सुधारली की ती फाइल वापरणाऱ्या सगळ्या भाषांच्या लेखांत सुधारते, पण चूक घुसली तर तीही तशीच पसरते. एसव्हीजी (रेषा आणि अक्षरं वेगवेगळी साठवणारा चित्राचा प्रकार) फाइल असेल तर नावं साध्या मजकुरासारखी बदलता येतात, म्हणजे इंग्रजी नकाशा मराठीत आणायला चित्रकला यायची गरज नाही, गावांची आणि नद्यांची नावं नीट लिहिता आली तरी खूप झालं.

फक्त एक कळकळीची विनंती, कुठल्याही कंपनीचा नकाशा गिरवून टाकू नका, तो कॉपीराइटमुळे काढला जातो आणि मेहनत वाया जाते. ओपनस्ट्रीटमॅप, नॅचरल अर्थ असे नकाशांच्या माहितीचे खुले, कुणालाही वापरता येणारे स्रोत आहेत ते वापरा, आणि माहिती कुठून घेतली ते फाइलच्या पानावर लिहा, नाहीतर पुढच्याने तपासायचं कसं?

– एक वाचक