सोन्याचे कण, लेसर आणि अर्धवट बातम्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोन्याचे अतिसूक्ष्म कण शरीरात सोडून लेसरने कॅन्सर जाळता येतो, अशा अर्थाच्या बातम्या हल्ली वरचेवर छापून येतात. संशोधन खरे आहे. पण बातमीत नेमके जे हवे, तेच गाळलेले असते.

आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांना तंबाखूमुळे गालाच्या आत कॅन्सर झाला. ऑपरेशनची तारीख ठरलेली असताना त्यांचा मुलगा असेच एक कात्रण घेऊन माझ्याकडे आला. ‘‘सिस्टर, आता लाइटीनं बरं होतंय म्हणे. बाबांचं ऑपरेशन थांबवू का?’’ मी त्याला ऑपरेशन थांबवू नकोस म्हणून निक्षून सांगितले. सगळ्यांच्या शेजारी नर्स राहत नाही, म्हणून हे पत्र.

हे कण म्हणजे सिलिकाचा गाभा आणि त्यावर सोन्याचा पातळ थर. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नेओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांनी ते उपचारासाठी विकसित केले. थराची जाडी अशी राखतात, की डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण पडताच कण तापावेत. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असल्याने कण तिथे साठतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या या कणांच्या चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रोस्टेटचा, ग्रंथीबाहेर न पसरलेला कॅन्सर असलेले अवघे 16 पुरुष होते. प्रकाश बाहेरून फार खोल जात नाही, म्हणून लेसरचा तंतू सुईवाटे थेट गाठीपर्यंत न्यावा लागला. म्हणजे ‘नुसता उजेड पाडला आणि बरे झाले’ असा हा प्रकार नव्हे. गालाच्या कॅन्सरला तर ती चाचणी लागूच नव्हती.

कण आणि प्रकाश ही जोडी मला नवी नाही. नेत्रविभागाच्या लेसर-रूममध्ये मी बरीच वर्षे काम केले. व्हर्टेपोर्फिन हे प्रकाशाने जागे होणारे औषध स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म कणांत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरलेले असते. अमेरिकेत त्याला 2000 साली मान्यता मिळाली. म्हातारपणी डोळ्याच्या पडद्याखाली वाढणाऱ्या, झिरपणाऱ्या रक्तवाहिन्या बंद करायला ते वापरत. गडद हिरवे औषध 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचे. साध्या सलाइनमध्ये त्याचा साका होतो. 10 मिनिटांत शिरेतून द्यायचे, सुरुवातीपासून 15 मिनिटांनी 689 नॅनोमीटरचा लाल लेसर 83 सेकंद. माझी नजर त्या वेळी सुईवर असे. शिरेबाहेर औषध गेले, तर सूज उतरेपर्यंत तो हात उजेडापासून झाकून ठेवावा लागतो, नाहीतर कातडी भाजते.

त्याहून अवघड काम घरी पाठवताना असे. पाच दिवस ऊन अंगावर घ्यायचे नाही, पूर्ण बाह्या, काळा चष्मा. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात आजोबांना हे पटवणे सोपे नव्हते. सनस्क्रीन इथे कामाचे नाही, कारण औषध दिसणाऱ्या प्रकाशानेही जागे होते. उलट काही जण भीतीने अंधाऱ्या खोलीत बसून राहत; त्यांना सांगावे लागे, की घरातला साधा उजेड चालतो, त्याने कातडीतले औषध लवकर निष्प्रभ होते. पुढे डोळ्यात द्यायची इंजेक्शने आली आणि हा उपचार मागे पडला, पण काही पेशंटना तो आजही लागतो.

म्हणून विनंती, की अशी बातमी छापताना प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, किती जणांवर, कुठल्या अवयवाच्या आणि कुठल्या टप्प्यातल्या आजारावर, आणि तो उपचार आज आपल्याकडे मिळतो का, एवढे पहिल्याच परिच्छेदात द्यावे. मिळत नसेल तर ‘ठरलेले ऑपरेशन पुढे ढकलू नका’ ही ओळ ठळक अक्षरात छापावी. जागा कमी असेल तर लेसरचे चित्र लहान करा.

– एक निवृत्त स्टाफ नर्स, सोलापूर