पंचा भिजवून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

परवा समुद्राखालच्या दरडींवरचा माझा प्रबंध जमा केला. आभाराच्या पानावर मार्गदर्शकांची, समितीची नावं रीतसर आली. तुमच्या वाट्याला एकच ओळ आली आणि तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून हे पत्र, चारचौघांत.

तुमच्या प्रयोगशाळेच्या दारात मी आले तेव्हा एप्रिलचं ऊन होतं आणि रिक्षात खाडीच्या चिकणमातीची सहा नळकांडी होती. त्याआधी चार महिने मी दुसऱ्या एका संस्थेत खेटे घातले. आज साहेब रजेवर, उद्या यंत्र बंद, परवा आणखी एक सही. एकाने तर विचारलं, "पुण्यात बसून समुद्राखालच्या दरडी कशाला शोधतेस?" नळकांडी त्यांच्या व्हरांड्यात उन्हात आडवी पडून होती. दोनांमधली माती पार भेगाळली. कोकणातून ती किती जपून आणली होती हे सांगितलं, तरी समोरच्याने फाइलमधून मान वर केली नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही कागद मागितला नाहीत. आधी नळकांड्याला हात लावलात, "तापलंय की हे," म्हणालात. खांद्यावरचा पंचा नळाखाली भिजवलात आणि उरलेल्या चारांभोवती गुंडाळलात. मग ती कोपऱ्यात उभी केलीत. "आडवी नको ठेवू पोरी. जमिनीत होती तशीच राहू दे."

मी तोंड फिरवून डोळे पुसले. कारण काका, माझा सगळा प्रश्नच मातीतल्या त्या पाण्याचा होता. खंडान्त उतारावर, म्हणजे किनाऱ्यापासून दूर समुद्रतळ जिथे खोल पाण्याकडे उतरत जातो तिथे, गाळ भराभर साचला, की खालच्या थरातल्या पाण्याला निसटायला सवड मिळत नाही. वरचं ओझं मातीच्या कणांऐवजी ते पाणीच पेलू लागतं आणि कणांची पकड ढिली होते. मग भूकंपाचा एक हादरा पुरतो. म्हणून नुसता हादरा शोधून भागत नाही, त्याआधी आत काय साचलं होतं तेही बघावं लागतं.

चहा घेताना तुम्ही विचारलंत, "उतार सिंहगडाच्या कड्यासारखा असेल ना?" मी नॉर्वेजवळच्या समुद्रातल्या स्टोरेगा दरडीचं सांगितलं. सुमारे ८ हजार वर्षांपूर्वी तिथे एक हजार घन किलोमीटरहून जास्त गाळ घसरला, उतार एखाद्या अंशाच्या आसपास. म्हणजे शंभर मीटर चालल्यावर पावणेदोन मीटर खाली. तुम्ही कप खाली ठेवलात. "मग आत पाणी कोंडलेलंच असणार." मला हे समजायला दोन वर्षं लागली होती.

आपल्या अरबी समुद्रातली नटराज दरड तर त्याहून कितीतरी मोठी. सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वीची, अंदाजे १९,००० घन किलोमीटरची. २०१५ साली जॉईडेस रेझोल्यूशन या संशोधन जहाजाने तिथे समुद्रतळात छिद्रं घेतली. आणि हे सगळं फार जुनं म्हणून सोडून देता येत नाही. १९९८ मध्ये पापुआ न्यू गिनीत भूकंपानंतर समुद्रतळ घसरला, आलेल्या लाटांनी दोन हजारांहून जास्त माणसं गेली.

"बुधवारी रात्री चाचणी लावू नकोस, गुरुवारी लाईट जाते," हे तुम्हीच सांगितलंत. शेवटच्या चाचणीला रात्री साडेअकरापर्यंत थांबलातही. पाण्याची झडप बंद केली, हादरे सुरू झाले. ३८ मिलिमीटर व्यासाचा तो राखाडी ठोकळा रबरी पिशवीत बराच वेळ तसाच उभा होता. आतल्या पाण्याच्या दाबाचा आकडा मात्र चढत होता. आणि मग तो एकदम पोट काढून खाली बसला. तुम्ही माझ्याआधी वेळ लिहून घेतलीत.

काका, तुमच्या हातात ना सही होती ना शिक्का. ज्यांच्या हातात होता त्यांना एक ओलं फडकं सुचलं नाही. अजून तुमच्यासारखी माणसं कुठल्यातरी टेबलामागे, कुठल्यातरी लॅबच्या कोपऱ्यात भेटतात, त्यांच्याच जिवावर आमच्यासारख्यांची कामं तडीला जातात.

पंचा माझ्याकडेच राहिलाय. दोनदा धुतला, काठाला लागलेला खाडीचा डाग काही निघत नाही. सोमवारी दुपारी घेऊन येते. सोबत पेढे आहेत आणि प्रबंधाची एक प्रत, तुमच्या नावाची.

तुमची,
चार नळकांड्यांवाली पोर