दवाखान्यातल्या नर्सचं मन कशात रमतं

ती. आई-बाबांना,
सा. न.

आई, 'दवाखान्यात नुसत्या सुया टोचायच्या आणि पट्ट्या बांधायच्या, त्यात मन रमतं का?' असं तू विचारलंस. फोनवर नीट सांगता आलं नाही.

इंग्लंडमध्ये जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यातल्या नर्सला आपली खोली आणि आपली यादी असते. आठ, बारा, सोळा आठवड्यांच्या बाळांच्या लसी, 25 ते 64 वयाच्या बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी, मधुमेहींची वार्षिक तपासणी. वॉर्डातला पेशंट घरी गेला की संपलं. इथे तोच माणूस वर्षानुवर्षं येत राहतो. मधुमेहीचा पाय तपासताना 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवायचा, त्याने डोळे मिटून 'लागलं' म्हणायचं. गेल्या वर्षी अंगठ्याला कळत होतं आणि यंदा कळत नाही, हे जखम व्हायच्या आधी हाती लागतं. माझ्या मते या नोकरीचं खरं सुख हेच.

मन उतरतं ते वेळेपायी. पायाच्या जुनाट व्रणाला घट्ट पट्टी बांधण्याआधी पेशंटला दहा मिनिटं आडवं ठेवून डॉप्लरने, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या छोट्या यंत्राने, घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजावा लागतो. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागून 0.8 पेक्षा कमी आलं, तर घट्ट पट्टीने पायाचा रक्तपुरवठाच तुटू शकतो. हे सगळं वीस मिनिटांत बसवायला लावलं की काम अर्धवट झाल्याची बोच घरापर्यंत येते.

बाबा, पगाराचं तुम्ही विचारलंत. बहुतेक दवाखाने डॉक्टरांच्या भागीदारीचे असतात, म्हणून एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, हॉस्पिटलांच्या वेतनश्रेणी त्यांना बंधनकारक नसतात. 2023 मध्ये सरकारने दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांसाठी 6 टक्के वाढ जाहीर केली, पण पैसे आले दवाखान्याकडे. नर्सच्या हातात किती पडायचे ते मालकांवर. नर्स म्हणून नोंदणी टिकवायला दर तीन वर्षांत 35 तासांचं शिक्षण लागतं. काही ठिकाणी ते कामाच्या वेळेत धरतात, काही ठिकाणी रविवार जातो. एकाच गावातल्या दोन दवाखान्यांत एक नर्स खूश आणि दुसरी राजीनाम्याच्या तयारीत, असं होतं ते यामुळेच.

आणि बाबा, पुढच्या वेळी साखर दाखवायला जाल तेव्हा मोजे काढून तळवेही दाखवा. डॉक्टर विसरले तर तुम्हीच म्हणा.

तुमची,
ताई