पारोळची गोष्ट सांगितल्याबद्दल : मिश्किन इंगवले यांना जाहीर आभारपत्र

इंगवले सर,

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, भेट तर कधीच झालेली नाही. तरी तुमचे आभार चारचौघांत मानायचे, हे बरेच दिवस मनात आहे. तुम्ही पारोळ गावातल्या त्या बाईची आणि तिच्यामुळे तुम्ही करायला घेतलेल्या यंत्राची गोष्ट सांगितली नसती, तर मी आजही तपासणीची उपकरणं नुसती वापरत राहिले असते. ती घडवणाऱ्यांच्या टेबलाशी जाऊन बसायचं धाडस मला झालं नसतं.

मी लॅब टेक्निशियन. नोकरीची सुरुवातीची वर्षं ग्रामीण आरोग्य केंद्रात गेली आणि त्यातला मोठा वेळ गरोदर बायांचं एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, तपासण्यात. आमच्याकडे तेव्हा साहलीची पद्धत होती. नळीत 20 च्या खुणेपर्यंत आम्ल घ्यायचं, बोट टोचून पिपेटने ओढलेलं रक्त त्यात सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं. मग डिस्टिल्ड वॉटर थेंब थेंब घालत ढवळत राहायचं, शेजारच्या काचेच्या तपकिरी रंगाशी रंग जुळेपर्यंत. खिडकीपाशी एक आकडा यायचा, आभाळ भरून आलं की दुसरा. मला 7 वाटलेलं सहकाऱ्याला साडेसात वाटायचं. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की रक्तक्षय, 7 च्या खाली तीव्र. म्हणजे बाईला गोळ्या देऊन घरी पाठवायचं की गाडी बोलवून मोठ्या रुग्णालयात, हे आमच्या डोळ्यांवर आणि खिडकीतल्या उजेडावर ठरायचं. सुईच्या भीतीने ज्या आल्याच नाहीत, त्यांचा तर आकडाच नाही.

अशात आमच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमनी तुमचं 2012 मधलं टेड या जगभर पाहिल्या जाणाऱ्या व्याख्यानमंचावरचं भाषण मोबाइलवर दाखवलं. पारोळ काही आम्हाला परकं नव्हतं. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर, मुंबईपासून हाकेच्या अंतरावर. तिथे एक बाई बाळंतपणात गेली आणि मागे तिचा रक्तक्षय होता, जो वेळेत कुणाला कळलाच नाही, हे तुम्ही सांगितलंत. अशा बाईची नोंद आमच्या रजिस्टरमध्ये एका ओळीत संपते. तुम्ही मात्र तिथून निघून डॉक्टर आणि इंजिनीअर मित्रांबरोबर बायोसेन्स ही कंपनी उभी केलीत आणि बोट न टोचता हिमोग्लोबिन मोजणारं टचएचबी करायला घेतलंत.

ते किती अवघड होतं, हे मला पुढे या कामात पडल्यावर उमगलं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या तुलनेवरून रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती भाग ऑक्सिजन वाहतोय ते सांगतो. मुळात हिमोग्लोबिन आहे किती, हा प्रश्न त्याहून फार बिकट. बोटाची जाडी, त्वचेचा रंग, नाडीचा जोर, सगळंच आड येतं. पहिलं यंत्र चाललं नाही आणि 32 प्रयत्नांनंतर ते जमलं, हे तुम्ही जगासमोर मोकळेपणाने सांगितलंत. यशाचं भाषण करायला आलेल्या माणसाने न चाललेल्या यंत्रांबद्दल बोलावं, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्यासारखीला त्यातूनच आत शिरायला वाट मिळाली. न चाललेलं यंत्र का चाललं नाही हे सांगणारं माणूस तिथे लागतं, आणि ते तर मी रोज पाहत होते.

पुढे 2013 साली तुमचं यूचेक हे मोबाइल ॲप आलं. लघवीत बुडवलेल्या तपासणी-पट्टीवरचे रंग आयफोनच्या कॅमेऱ्याने वाचायचे : साखर, प्रथिनं, कीटोन वगैरे दहा घटक. डोळ्याने रंग जुळवण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या आम्हा लोकांना ती कल्पना किती जवळची वाटली असेल! त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेचं पत्र तुमच्या कंपनीला आलं. या पट्ट्यांना मंजुरी आहे ती माणसाने डोळ्याने वाचण्यासाठी, फोनने वाचायच्या असतील तर पट्टी आणि फोन मिळून अख्ख्या यंत्रणेलाच मंजुरी हवी, असा त्याचा आशय. तेव्हा अनेकांना ती नव्या कल्पनेची अडवणूक वाटली. मला मात्र एफडीएचं म्हणणं पटतं. फोन चुकला तर चुकीची गोळी बाईच्याच पोटात जाणार. मोबाइल आरोग्य ॲपवाल्या सगळ्यांनाच त्या पत्राने नियम शिकवला, आणि त्याची पहिली झळ तुम्ही सोसलीत. त्याबद्दलही आभार.

आज मी पुण्यात एका छोट्या उपकरण कंपनीत चाचण्यांचं काम बघते. एकाच बाईचं आमच्या यंत्रावरचं रीडिंग आणि लॅबमधल्या ॲनालायझरचं रीडिंग शेजारी शेजारी मांडायचं, फरक कुठे पडतो ते शोधायचं. थंडीत पहाटे पाणी भरून आलेल्या बाईचे हात बर्फासारखे असतात. प्रकाशाला तिची नाडीच सापडत नाही. आधी तिचे तळवे चोळायचे, जरा बसू द्यायचं, मग यंत्राची क्लिप बोटाला लावायची. आमच्या इंजिनीअर मुलांना हे नवीन होतं. आता ते सूचनापत्रकात पहिल्या ओळीत छापलेलं आहे, आणि तिथे ते माझ्यामुळे आलं याचा मला अभिमान आहे.

उपकेंद्रात आज डिजिटल मीटर आहेत, पण बोट टोचावं लागतंच. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायांना रक्तक्षय आढळला. काम उरलंय ते एवढं. आमच्याकडे नवीन मुलं रुजू झाली की पहिल्या दिवशी मी त्यांना तुमचं ते भाषण दाखवते आणि दुसऱ्या दिवशी उपकेंद्रावर घेऊन जाते. कधी पुण्याला आलात तर त्यांच्याशी जरूर बोला. त्यांचे प्रश्न तयार आहेत, माझेही.

आपली कृतज्ञ,
एक लॅब टेक्निशियन, पुणे