तरुण संशोधकांच्या प्रवास-निधीसाठी सभासद व हितचिंतकांना कळकळीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

दर वर्षी हे पत्र दिवाळीनंतर निघते. यंदा ते आधीच लिहावे लागत आहे. आपल्या मंडळाच्या या निधीत आज 61,000 रुपये शिल्लक आहेत आणि आपल्या विभागातल्या तिघांचे शोधनिबंध परदेशातल्या परिषदांनी स्वीकारले आहेत. तिघांपुढेही नोंदणी शुल्काची मुदत उभी आहे. 61,000 मध्ये एकाचेही येणे-जाणे धड भागत नाही.

आपण राहतो ते परळ काय आहे, हे बाहेरच्यांना सांगावे लागते, आपल्याला नाही. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत प्लेगचा रुग्ण ओळखला तो मूळच्या गोव्याच्या डॉ. व्हिएगस यांनी. त्यानंतर जंतुशास्त्रज्ञ हाफकिनसाहेब मुंबईत आले आणि 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा 1899 साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. पुढे 1926 ला केईएम रुग्णालय, 1941 ला कर्करोगाचे टाटा हॉस्पिटल. गिरणीच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस सुरू व्हायचा त्यांची नातवंडे आज याच प्रयोगशाळांत पीएच.डी. करतात. आपला निधी त्यांच्यासाठी आहे.

तो कसा सुरू झाला हे जुनी मंडळी विसरलेली नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एका संध्याकाळी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन कार्यालयात आल्या. डब्यात रुमालात बांधलेल्या नोटा होत्या. त्यांचे यजमान शिवडीला क्षयाने गेले होते. “या रोगावर कुणी अभ्यास करणारं पोर असेल तर त्याला द्या, माझं नाव नको,” एवढेच त्या म्हणाल्या. त्या पैशांची ठेव आजही मोडलेली नाही. दुसरे आपले गिरणीतले काका. पेन्शन हातात आली की पहिल्यांदा कार्यालयाची पायरी चढायचे आणि शंभराची नोट टेबलावर ठेवून पावतीची वाट न बघता निघायचे. ते गेले, आता त्यांचा मुलगा येतो, तोही पावतीला थांबत नाही. कोपऱ्यावरच्या औषधवाल्या शेठनी आजवर प्रत्येक उमेदवाराचे नोंदणी शुल्क स्वतः भरले. या तिघांचे ऋण कसे फेडायचे, मला कळत नाही.

आपली पहिली मानकरी औषधांना न जुमानणाऱ्या क्षयजंतूंवर काम करणारी मुलगी. परिषदेत आपले संशोधन मांडायचे पोस्टर तिने कापडावर छापून घेतले होते, म्हणजे घडी घालून हातातल्या बॅगेत राहते, विमानात नळी सांभाळावी लागत नाही. परत आल्यावर तेच कापड आपल्या सभागृहात दोन खिळ्यांवर टांगून तिने पाऊण तास मराठीत सगळे समजावले. पुढच्या रांगेतल्या आजींनी विचारले, “गोळ्या मधेच सोडल्या तर जंतू शहाणा होतो, असंच ना?” ती म्हणाली, “अगदी असंच.” त्या संध्याकाळी मंडळाने काय उभे केले आहे ते मला दिसले. दर वर्षी पारितोषिक देताना आपण कमलाबाई सोहोनी यांचा फोटो ठेवतो, त्याचे कारणही हेच. केंब्रिजला जाऊन 1939 साली जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवणाऱ्या कमलाबाई परत आल्या आणि इथल्या गरिबांच्या आहारातल्या नीरेवर, कडधान्यांवर काम करत राहिल्या.

सरकारी प्रवास-अनुदाने आहेत आणि ती हवीतच. पण मंजुरी कित्येकदा निघायच्या तोंडावर कळते, आणि पैसे बहुधा परत येऊन तिकिटे-बिले जोडल्यावर मिळतात. आधी घालायला पैसे कुठून आणायचे? कनिष्ठ संशोधकाची छात्रवृत्ती महिना 37,000, तीही कधी दोन-दोन महिने तुंबते. युरोपच्या शेंगेन व्हिसाचे शुल्कच 90 युरो, व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही, शिवाय खात्यात शिल्लक दाखवावी लागते. दोन वर्षांपूर्वी आपल्याच वाडीतल्या एका मुलाच्या आईने त्यासाठी पाटल्या गहाण ठेवल्या. आम्हाला ते तो परत आल्यावर समजले. त्याची टोचणी अजून आहे. म्हणून आपला निधी पैसे आगाऊ देतो. सरकारी रक्कम मिळाली की उमेदवार ती निधीत परत भरतो. दोघांची मंजुरी आलीच नाही, म्हणून शिल्लक एवढी खाली आली. त्या दोघांना मी दोष देणार नाही, कुणी देऊ नये.

आता थोडे मनातले. गेल्या वर्षी साडेतीनशे पत्रे घरोघर वाटली. पावत्या फाटल्या एकोणीस. गणपतीच्या वर्गणीला आपली वाडी कधी हात आखडत नाही, याचा मला अभिमानच आहे. पण एका जुन्या सभासदांनी दारातच विचारले, “यांच्या परदेशवारीला आम्ही का पैसे द्यायचे?” ते लागले. ही वारी हौसेची नाही हो. तिथे पोस्टरपुढे दोन-दोन तास उभे राहायचे असते. त्या विषयात हयात घालवलेली माणसे येतात, चूक दाखवतात, नवी दिशा सुचवतात. पुढच्या संशोधनाची जागाही पुष्कळदा तिथल्या ओळखीतून मिळते. क्षयजंतूंवर काम करणाऱ्या आपल्या त्या पहिल्या मानकरी मुलीला तिथे एका बाईंनी औषधाच्या मात्रेबद्दल विचारले आणि तिने परत येऊन अख्खा प्रयोग नव्याने मांडला.

यंदाचे उद्दिष्ट चार लाख : तिघांना प्रत्येकी कमाल 1,25,000 आगाऊ, आणि 25,000 चे एक पारितोषिक. अर्जदार परळ, लालबाग, शिवडी, दादर भागात राहणारा किंवा काम करणारा, पीएच.डी. करणारा किंवा ती पदवी मिळून पाच वर्षांच्या आतला असावा; निबंध स्वीकारल्याचे पत्र व मार्गदर्शकांची सही हवी; परत आल्यावर मराठीत व्याख्यान बंधनकारक. देणगी रोख (2,000 पर्यंत), धनादेश किंवा क्यूआर कोडने. कोड व खाते क्रमांक सूचनाफलकावर आहेत. कार्यालय रोज संध्याकाळी 7 ते 9, रविवारी सकाळीही. अर्ज व देणग्या 31 ऑक्टोबरपर्यंत.

आपला,
कार्यवाह

ता.क. : विमान कंपनीचे मैल (प्रवासावर मिळणारे, तिकिटाला वापरता येणारे गुण) साठलेले कुणी सभासद असतील तर त्यांनी जरूर कळवावे. आणि थंडीचा चांगला कोट ज्यांच्या कपाटात नुसता पडून आहे त्यांनी तो आणून द्यावा. तिघांपैकी दोघे जानेवारीत निघत आहेत.