बिल्टीवर 'भंगार' लिहू देऊ नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

वडिलांची ७८ ची प्रीमियर पद्मिनी परत रस्त्यावर आणायचा उद्योग दोन वर्षं चाललाय. घरचे म्हणतात हौसेला मोल नाही, पण गिअरबॉक्सला असतं आणि त्याच्या भाड्यालाही असतं. नाना पेठ पालथी घातली, जुन्या बाजारात चार रविवार घालवले आणि शेवटी गिअरबॉक्स सापडला तो थेट कोईमतूरला. पुण्यात येईपर्यंत बेल हाउसिंगचा, म्हणजे इंजिनला जोडणाऱ्या पुढच्या ओतीव कवचाचा, बोल्ट बसायचा एक कान तुटला. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात भांडायला गेलो तर तिथल्या माणसाने शांतपणे बिल्टी, म्हणजे माल बुक केल्याची पावती, पुढे केली, त्यावर लिहिलेलं 'जुना लोखंडी भंगार' आणि किमतीचा रकाना रिकामा. भंगार तुटलं तर काय तुटलं, असं तो बोलला नाही, चेहऱ्यावर मात्र तेच होतं.

नंतर चौकशी केल्यावर कळलं की २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्याखालच्या नियमांप्रमाणे बुकिंग करताना जास्त किंमत लिहून दिली नसेल तर ट्रान्सपोर्टरची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच. माझं भाडं ६२० रुपये, म्हणजे फार तर ६,२००, आणि भंगाराचे तेवढे तरी कोण देणार. थोडं जास्त भाडं लागलं तरी चालेल पण पार्टचं नाव आणि किंमत बिल्टीवर यायलाच हवी. विकणाऱ्याला मी हे आधी सांगितलं नाही ही चूक माझीच.

कुरिअरचा विचार केलेला, पण जड वस्तूला ते परवडत नाही. आणि हलकी पण लांबलचक असेल तर अजूनच वाईट, कारण एअर कुरिअर लांबी रुंदी उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येतील तेवढ्या किलोचे पैसे लावतात. बंपरचा खोका १६० बाय ३० बाय २५ धरला तर २४ किलोचे पैसे, आत बंपर त्याच्या निम्म्याचाही नाही! म्हणून जड मालाला गोडाऊन ते गोडाऊन ट्रान्सपोर्टच बरा, डोअर डिलिव्हरी घेऊच नका, मार्केट यार्डात जाऊन स्वतः टेम्पोत घालून आणा. जीएसटी नंबर नाही म्हणून घेत नाहीत असं सांगतात, पण मला साध्या कागदावर डिक्लरेशन दिल्यावर घेतलं.

आता पॅकिंग. ओतीव धातू वाकत नाही, तडकतो, त्यामुळे जड पार्टला बबल रॅप आणि पुठ्ठा म्हणजे निव्वळ समाधान. आधी ऑइल पूर्ण काढा, गळका माल कुणीच घेत नाही आणि घेतला तर शेजारच्या साड्यांच्या गठ्ठ्याची वाट लागते. भोकं बुचांनी बंद करा. मग १८ एमएमचं प्लायवूड घेऊन पार्टच्याच माउंटिंगच्या भोकांतून बोल्ट टाकून तो प्लायवर कसून बसवा, मध्ये जुन्या ट्यूबचे तुकडे, बाहेर आलेल्या शाफ्टभोवती लाकडी चौकट. खाली दोन पट्ट्या ठोका म्हणजे हमालाची बोटं आत जातात, नाहीतर तो बिचारा ढकलणार किंवा टाकणार, दुसरं काय करेल. इंजिन असेल तर ब्लॉक आणि हेड वेगवेगळे पाठवा, वर वजन मोठ्या अक्षरात लिहा, बंद करायच्या आधी फोटो काढा. भवानी पेठेत लाकूड स्वस्तात मिळतं आणि एक दुपार जाते, बस.

ट्रान्सपोर्टवाल्यांच्या संघटनांना एकच विनंती, बुकिंग क्लार्कला एवढं सांगा की माल जुना असला म्हणून तो स्क्रॅप होत नाही. पद्मिनी बनायची बंद होऊन पाव शतक झालं, नवा गिअरबॉक्स आता कुठून आणणार?

कान वेल्ड करून घेतलाय, बघू किती टिकतो. बंपर अजून कोईमतूरलाच पडून आहे. तिकडून पुण्याला रिकामा टेम्पो परत येत असेल तर कृपया संपादकांमार्फत कळवावं.

– एक फियाटवाला, सदाशिव पेठ, पुणे