ओपन डेला वर्ग भरलेले असू द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

प्रवेशाचे दिवस जवळ आले की आंतरराष्ट्रीय शाळांच्या ओपन डेच्या, म्हणजे पालकांना शाळा पाहायला बोलावण्याच्या दिवसाच्या, जाहिराती दिसू लागतात. अशा शाळांच्या प्रवेश विभागात मी सोळा वर्षे काम केले. त्यातली बहुतेक वर्षे हा दिवस आखून पार पाडण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. आता निवृत्त झाले आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

मी आखलेला पहिला ओपन डे शनिवारी होता. पालकांना सुटी असते, एवढाच त्यामागचा विचार. आधीचे तीन दिवस शिकवणे जवळपास थांबले होते. शिक्षक भिंती सजवत होते आणि निवडून काढलेली मुले पाठ केलेली वाक्ये घोटत होती. त्या दिवशी सभागृहात मुख्याध्यापकांचे भाषण पन्नास मिनिटे चालले, मग आम्ही पालकांना इमारत दाखवत निघालो. दुसरीच्या वर्गात एक आई लहानशा टेबलावर हात ठेवून थांबली आणि तिने विचारले, "इथे मुलं असतात तेव्हा बाई कुठे असतात?" मी सांगितले, की बाई एका जागी उभ्या राहत नाहीत, गटागटांत बसतात, मुलांशी बोलतात. तिने शांतपणे ऐकून घेतले. पण तिला ते पाहायचे होते, आणि पाहण्यासारखे त्या रिकाम्या खोलीत काहीच नव्हते. जिच्यासाठी हा सगळा घाट घातला, तिच्या एका साध्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

पुढच्या वर्षी मी हट्टाने मंगळवार मागितला. सकाळी नऊ ते साडेअकरा, सगळे तास नेहमीप्रमाणे. विरोध बराच झाला. वर्गाचे लक्ष उडेल, एखादे मूल नेमके त्याच वेळी रडेल, पालकांना रजा मिळणार नाही. तिसरी अडचण खरी होती. तिच्यासाठी त्याच आठवड्यात एक संध्याकाळ फक्त प्रश्नोत्तरांसाठी ठेवली आणि ज्यांना जमेल त्यांनी पुढे कोणत्याही कामाच्या दिवशी तासभर येऊन जावे, असे कळवले. पहिल्या दोन अडचणींबद्दल माझे म्हणणे आजही तेच आहे. मूल रडले तर रडू द्यावे. त्या वेळी शिक्षिका काय करते हे पाहायलाच तर पालक आलेले असतात.

आंतरराष्ट्रीय शाळांना हे इतरांपेक्षा जास्त लागू आहे. १९२४ साली जिनिव्हात अशी शाळा सुरू झाली ती राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेतल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी, म्हणजे परक्या गावी येऊन पडलेल्या कुटुंबांसाठी. १९६८ मध्ये तिथेच आयबीची (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, देशोदेशीच्या शाळांना अभ्यासक्रम आणि परीक्षा पुरवणारी संस्था) स्थापना झाली, त्यामागेही देश बदलणाऱ्या मुलांना कुठल्याही विद्यापीठाचे दार उघडे राहावे हा हेतू होता. परक्या कुटुंबाला समजून घेणे हे या शाळांचे मूळचे काम आहे. ओपन डे जाहिरात विभागाच्या ताब्यात गेला, की तेच मागे पडते.

आता आखणीचे. नावनोंदणीच्या अर्जात मूल किती वर्षांचे, घरी कोणती भाषा बोलतात, कधीपासून यायचे आहे, एवढे तीन प्रश्न विचारले तरी अर्धे काम होते. चार वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांना भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा दाखवण्यात अर्थ नाही. त्यांना स्वच्छतागृह किती लांब आहे ते दाखवावे. वयोगटानुसार आठ-आठ पालकांचे गट करावेत आणि दोन गटांत दहा मिनिटांचे अंतर ठेवावे, नाहीतर जिन्यात कोंडी होते. आदल्या दिवशी तो सगळा रस्ता घड्याळ लावून स्वतः चालून पाहावा, एकदा बाबागाडी घेऊनही. मुख्याध्यापकांनी पंधरा मिनिटांत आटोपावे आणि उरलेला वेळ दारात उभे राहून लोकांशी बोलावे.

शाळा दाखवायला मुलेच असावीत, पण त्यांना वाक्ये पढवू नयेत. अकरा वर्षांच्या एका मुलीला एका वडिलांनी विचारले, "इथे तुला काय आवडलं नाही?" ती म्हणाली, "पहिले तीन महिने मला कोणी खेळायला घेत नव्हतं." बरोबरच्या शिक्षिकेने विषय बदलायला तोंड उघडले होते, मी तिच्या हाताला हात लावून थांबवले. वडिलांनी विचारले, "मग?" मुलगी सांगू लागली. तिच्या वर्गशिक्षिकेच्या लक्षात आले ते मधल्या सुटीत. मग तिच्यासारखीच वर्षाच्या मध्यावर आलेली दुसऱ्या वर्गातली एक मुलगी तिला जोडून दिली, आणि आता नव्या मुलांबरोबर पहिले काही दिवस राहण्याचे काम ती स्वतःच करते. ऐकणारे पालक म्हणजे नोकरीमुळे दर दोन-तीन वर्षांनी घर हलवणारी माणसे. त्यांच्या मनातली सगळ्यात मोठी भीती त्या मुलीने आपणहून बोलून दाखवली होती आणि शाळेने काय केले तेही सांगितले होते. आमच्या छापील पुस्तिकेत यातले एक अक्षर नव्हते.

मात्र मुले पाहुण्यांबरोबर एकटी कधीच नसावीत. प्रत्येक गटाबरोबर शाळेतले एक मोठे माणूस हवेच. येणाऱ्याचे ओळखपत्र पाहून गळ्यात व्हिजिटर बॅज द्यावा, वर्गात फोटो काढू देऊ नयेत आणि पाहुण्यांचे स्वच्छतागृह वेगळे असावे. यावर कुरकुरणाऱ्या पालकांना मी एवढेच म्हणत असे, की उद्या तुमचे मूल इथे असेल.

आणखी एक गोष्ट मी फार उशिरा शिकले. लर्निंग सपोर्टचे, म्हणजे शिकताना अडचण येणाऱ्या मुलांना मदत करणाऱ्या विभागाचे, टेबल आम्ही सभागृहात, सगळ्यांच्या समोर मांडत असू. त्या टेबलापाशी कोणी फिरकत नसे, आणि आम्ही समजत होतो की कोणाला गरज नाही. एका वर्षी एक वडील सगळे गेल्यावरही खुर्च्यांमध्ये बसून राहिले होते. त्यांच्या मुलाला वाचताना अक्षरे लागत नव्हती, आणि चाळीस माणसांसमोर ते हे विचारू शकत नव्हते. त्यानंतर आम्ही त्यासाठी दार बंद होणारी एक खोली ठेवली, आणि दर वर्षी त्या खोलीबाहेर लोक वाट पाहत बसलेले असत.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. मी काम केलेल्या एका शाळेला आयबीची मान्यता मिळायची होती; ती तेव्हा कँडिडेट, म्हणजे मान्यतेच्या प्रक्रियेत असलेली, शाळा होती. ओपन डेला "आम्ही आयबी शाळा आहोत" असे सांगायचे ठरले, आणि मी सकाळभर ते सांगितले. कँडिडेट असणे म्हणजे मान्यता मिळणारच असे नव्हे. शिवाय आयबीच्या प्रत्येक कार्यक्रमाची, म्हणजे त्या त्या वयोगटाच्या अभ्यासक्रमाची, मान्यता वेगळी असते. डिप्लोमाची, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांची, आहे म्हणून प्राथमिक विभागाचीही असेल, असे धरून चालता येत नाही. माझ्या शब्दावर विसंबून काही आईवडिलांनी निर्णय घेतले असतील. पालकांनी हा प्रश्न नेमक्या शब्दांत विचारावा: कोणत्या कार्यक्रमाची, कोणत्या साली? तसेच गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले, हेही विचारावे. या शाळांत शिक्षकांचा पहिला करार बहुधा दोन वर्षांचा असतो, तेव्हा काहीजण जाणारच, पण शाळेने आकडा सांगावा.

फीचेही तेच. अर्जाची फी, एकदाच भरायची रक्कम, अनामत, बस, सहली, बोर्डाच्या परीक्षा, लॅपटॉप हे सगळे एका कागदावर त्याच दिवशी हातात पडावे. परत मिळणारी रक्कम कोणती आणि न मिळणारी कोणती, तेही त्यावर असावे.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर आम्ही दहा मिनिटे बसून उत्तर न देता आलेले प्रश्न कागदावर लिहून काढत असू. एका वर्षी त्यात एका आजीचा प्रश्न होता: नातवाची घरची भाषा शाळेत शिकवत नसतील, तर त्याने ती सोडायची का? आयबी डिप्लोमात आपल्या भाषेतले साहित्य शाळेच्या आधाराने स्वतः अभ्यासण्याची सोय आहे, पण टेबलापाशी बसलेल्या आमच्यापैकी कोणालाही ते ठाऊक नव्हते. मी समन्वयकांना विचारून दोन दिवसांत त्या आजींना फोन केला.

संपादक महोदय, आपणास एकच विनंती आहे. ओपन डेची तारीख छापताना त्या दिवशी वर्ग भरलेले असतील का, हे शाळेला विचारून तारखेशेजारी छापावे. एका ओळीची जागा पुरेल.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रवेश समन्वयक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)